कन्व्हर्टरबरोबर साइटवर: एका कमिशनिंग दौऱ्याची दिनवारी

पॉवर इलेक्ट्रॉनिक्स कंपनीच्या भिंतीवर माणसांचा एक तक्ता असतो. वर संचालक, खाली तांत्रिक प्रमुख, त्यांच्याखाली हार्डवेअर, कंट्रोल, मेकॅनिकल, टेस्टिंग. साइटवर तो तक्ता चालत नाही. तिथे रोज हुकूम वेगळ्या माणसाचा, आणि ज्या टीमला हे आधीच ठाऊक असतं तिचं काम आठवड्यात उरकतं.

हा दौरा बॅटरी साठ्याच्या ५०० केव्हीए कन्व्हर्टरचा, म्हणजे बॅटरीची डीसी वीज ग्रिडच्या एसीत आणि उलट बदलणाऱ्या यंत्राचा. एसी बाजू ६९० व्होल्ट, ५० हर्ट्झ, म्हणजे पूर्ण लोडला ४१८ अँपिअर. डीसी बस (आतली डीसी पट्टी) ११०० व्होल्ट, १७०० व्होल्टचे आयजीबीटी (वेगाने उघडझाप करणारे पॉवर स्विच), स्विचिंग ३ किलोहर्ट्झ, पुढे एलसीएल फिल्टर (दोन चोक म्हणजे गुंडाळ्या, मध्ये कॅपॅसिटर) आणि मग ट्रान्सफॉर्मर. बस ११०० का, याचं उत्तर साध्या गुणाकारात आहे: ६९० ला √२ ने गुणलं की ९७६ येतात, आणि ग्रिड १० टक्के वर गेला की १०७३. वर फार जागा उरत नाही.

निघण्याआधी

प्रमुखाचा सर्वांत महत्त्वाचा निर्णय साइटवर होत नाही, तो इथे होतो: कोण जाणार? विल्यम न्यूवेल यांनी १९७३ मध्ये पॉवर इलेक्ट्रॉनिक्सची मांडणी पॉवर, इलेक्ट्रॉनिक्स आणि कंट्रोल अशा त्रिकोणात केली होती. तिन्ही कोपऱ्यांचा एकेक माणूस हवाच. पॉवर हार्डवेअरवाला, गेट ड्रायव्हर (आयजीबीटीला चालू-बंदचा इशारा देणारा) आणि सेन्सरच्या बोर्डांवर काम केलेला, आणि कंट्रोल-फर्मवेअरवाली. त्यांच्या जोडीला बोल्ट, हवा आणि वायरिंग बघणारा सर्व्हिसचा माणूस आणि टीमची प्रमुख. ‘फर्मवेअर लांबून बदलता येईल’ म्हणून कंट्रोलचा माणूस घरी ठेवणं ही हमखास महागात पडणारी काटकसर. विक्रीचा माणूस मात्र शेवटच्या दिवशी आला तरी चालतो. आधी आला तर तारखा देत बसतो.

सामान बांधताना दोन गोष्टी अडतात. पहिली विमानाची. सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिनमध्येच न्याव्या लागतात. १०० ते १६० वॅट-तासांच्या बॅटरीला विमान कंपनीची परवानगी लागते, त्याहून मोठी प्रवासी सामानात चालतच नाही. म्हणून ऑसिलोस्कोपच्या जादा बॅटरीचे वॅट-तास आधी तपासावेत. काँटॅक्ट क्लीनरचा स्प्रे ज्वालाग्राही, तो साइटजवळ घ्यावा. दुसरी अडचण मीटरची. पिशवीतला नेहमीचा १००० व्होल्टचा मल्टीमीटर ११०० व्होल्टच्या बसला लावायचा नाही. १५०० व्होल्ट डीसीचं रेटिंग असलेला मीटर आणि तशाच लीड्स हव्यात. सोबत किमान दोन डिफरन्शिअल प्रोब (दोन बिंदूंमधलं व्होल्टेज मोजणारे) आणि रोगोव्स्की कॉइल (तारेभोवती गुंडाळून करंट मोजणारी). ही कॉइल डीसी दाखवत नाही, हे घाईत विसरलं जातं.

सुट्या भागांच्या पेटीत दोन गेट ड्रायव्हर, एक करंट सेन्सर, प्रीचार्ज आणि डिस्चार्ज रेझिस्टर (बस हळू भरणारे आणि रिकामी करणारे), गेटचे इशारे नेणाऱ्या फायबरच्या दोन जादा लांब्या, आणि ०.३ ओहमचे तीन पॉवर रेझिस्टर. हे शेवटचे का, ते चौथ्या दिवशी.

पहिला दिवस: सर्व्हिसच्या माणसाचा

पोचल्यावर सगळ्यांचे हात लॅपटॉपकडे जातात. ते थांबवायचे. आज पॅनेलला वीज द्यायचीच नाही.

आधी पेटीवरची हादऱ्याची आणि कलण्याची लेबलं, फोटोसकट. लाल झालेलं असेल तर चोक बसवलेल्या आडव्या पट्ट्यांपासून सुरुवात करायची, कारण पॅनेलमधली सगळ्यांत जड वस्तू तीच आणि पहिला तडा तिच्या पायाशी जातो. मग बसबारचा प्रत्येक बोल्ट टॉर्क रेंचने तपासायचा, ड्रॉइंगवरच्या आकड्याला, आणि त्यावर रंगाची रेघ ओढायची. पुढे कधी रेघ तुटलेली दिसली तर बोल्ट फिरला. मॉड्यूलच्या टर्मिनलवर नुसत्या अंदाजाने जोर देऊ नये. एम६ ला साधारण ३ ते ६ न्यूटन-मीटर लागतात, त्यापुढे आतलं प्लास्टिक तडकतं आणि तडा बाहेरून दिसत नाही.

थंड गोदामातून आलेलं पॅनेल गरम, दमट खोलीत उघडलं की आत पाणी सुटतं. पॅनेल हीटर रात्रभर चालू ठेवायचे, दारं बंद. डीसी बसचे कॅपॅसिटर फिल्मचे असतील तर एवढ्यावर भागतं. इलेक्ट्रोलिटिक असतील आणि वर्षभर पडून असतील तर त्यांना मर्यादित करंटने हळूहळू व्होल्टेज चढवून पुन्हा तयार करावं लागतं, आणि त्याचा वेगळा दिवस धरावा लागतो.

इन्सुलेशन चाचणी सर्व्हिसवाला करतो, पण हार्डवेअरवाल्याने शेजारी उभं राहायचं. सर्ज अरेस्टर आणि जमिनीला जोडलेले छोटे कॅपॅसिटर काढल्याशिवाय मेगर (इन्सुलेशन मोजणारं यंत्र) लावला तर रीडिंग खोटं येतं. पॉवरची सगळी टर्मिनलं, डीसी धन, डीसी ऋण आणि तिन्ही फेज, आधी एकमेकांना जोडायची आणि मग त्या गठ्ठ्यापासून अर्थपर्यंत १००० व्होल्ट द्यायचे. तसं न करता एकाच टर्मिनलला मेगर लावला तर ताण आयजीबीटीच्या आरपार जातो.

दुसरा दिवस: चावी कोणाकडे

आज वीज येते, म्हणून आज पहिल्यांदा चावीचा प्रश्न येतो. ब्रेकरच्या कुलपाची चावी एकाच्याच खिशात असावी, आणि तो माणूस प्रमुख नसावा. प्रमुखाला फोन येतात, तारखा दिसतात, ग्राहक शेजारी उभा असतो. चावी टेस्टिंगचा अनुभव असलेल्याकडे, इथे हार्डवेअरवाल्याकडे. तो नाही म्हणाला की काम थांबतं, संचालकांनी फोन केला तरी. ही गोष्ट निघण्यापूर्वीच्या बैठकीत सगळ्यांसमोर बोलून ठेवायची, साइटवर ठरवायला गेलं की भांडण होतं.

ओळीत पाच कामं: तोडणं, कुलूप, वीज नाही हे मोजून पाहणं, अर्थ लावणं, आजूबाजूचं जिवंत झाकणं. मोजण्यात कन्व्हर्टरची खोड अशी की ब्रेकर उघडला तरी बस भरलेली राहते. ६००० मायक्रोफॅरडवर ११०० व्होल्ट म्हणजे सुमारे ३६०० जूल. ती उतरवायला ३४ किलोओहमचे दोन रेझिस्टर समांतर, आणि बस ६० व्होल्टखाली यायला जवळजवळ ५ मिनिटं. दारावर ‘५ मिनिटे थांबा’ लिहिलेलं असतं ते या हिशेबाने. त्यातला एक रेझिस्टर आतून तुटला तर यंत्र चालतं छान, फक्त ५ चे १० होतात आणि पाटी खोटी ठरते. म्हणून प्रत्येक वेळी मीटर. आणि मीटर आधी माहीत असलेल्या व्होल्टेजवर, मग बसवर, मग पुन्हा माहीत असलेल्या व्होल्टेजवर.

पहिली वीज ६० व्होल्टची, १ अँपिअरला बांधलेल्या छोट्या सप्लायमधून. बॅटरीचा ब्रेकर कुलपात. इतक्या कमी व्होल्टेजवर सहाही गेट तपासून होतात: पल्स योग्य स्विचला जातोय का, वरचा बंद झाल्यावर खालचा चालू होण्यात ठरलेले ३ मायक्रोसेकंद आहेत का, बंद असताना गेटचं व्होल्टेज ऋण बाजूलाच टिकतंय का. दोन फायबरची अदलाबदल हा इथला सर्वांत सामान्य दोष. ६० व्होल्टवर ती कळली तर सप्लाय फक्त करंट मर्यादेत जातो, ११०० वर कळली तर मॉड्यूल जातं.

मग करंट सेन्सर. प्रत्येकावर बाण असतो. सेन्सरमधून वायरीचे १० वेढे घेऊन ५ अँपिअर सोडले की ते त्याला ५० अँपिअर वाटतात. १:५००० च्या सेन्सरमधून १० मिलिअँपिअर बाहेर यायला हवेत, आणि स्क्रीनवर +५०, त्याच फेजच्या रकान्यात. उणे आलं तर करंट लूप चूक दुरुस्त करण्याऐवजी वाढवत नेतो आणि पहिल्या जोडणीला काही मिलिसेकंदांत ट्रिप होतो. तापमान सेन्सरही इथेच बघावे: मॉड्यूलमधला एनटीसी (तापल्यावर रेझिस्टन्स घटणारा सेन्सर) बहुधा २५ अंशांना ५ किलोओहम असतो, १०० अंशांना ५०० च्या जरा खाली. स्क्रीनवर खोलीचं तापमान दिसलं तर मान्य, ‘उणे ४०’ दिसलं तर वायर तुटलेली.

तिसरा दिवस: कंट्रोलचा

सकाळी बॅटरीवरून प्रीचार्ज. १०० ओहमचा रेझिस्टर, म्हणजे सुरुवातीला ११ अँपिअर, टाइम कॉन्स्टंट ०.६ सेकंद, आणि १.८ सेकंदांत बस ९५ टक्क्यांवर. वक्र मध्येच सपाट झाला तर बसवर कुठला तरी लोड लटकलेला आहे, बहुतेक वेळा सहायक सप्लाय लवकर जागा झालेला. लगेच पुन्हा प्रयत्न करायची सवय मात्र मोडावी. दर प्रीचार्जला रेझिस्टर कॅपॅसिटरइतकीच ऊर्जा, तेच ३६०० जूल, पोटात घेतो, आणि ओळीने चार-पाच वेळा केलं की जळतो.

एसी ब्रेकर उघडा ठेवून स्विचिंग सुरू करायचं आणि दोन डिफरन्शिअल प्रोब लावायचे, एक ग्रिडच्या आर-वाय वर, दुसरा कन्व्हर्टरच्या आर-वाय वर. दोन्ही लहरी एकमेकांवर बसल्या पाहिजेत. तसंच वाय-बी वर. ब्रेकरच्या एकाच पोलच्या दोन टोकांमध्ये मोजायचा मोह होतो. बॅटरी अर्थ केलेली नसली की कन्व्हर्टरचा मध्य तरंगता असतो, आणि तिथे दिसणाऱ्या आकड्याला अर्थ नसतो.

फेजचा क्रम उलटा असेल तर कंट्रोलवालीला तो स्क्रीनवर सगळ्यांच्या आधी दिसतो. आर. एच. पार्क यांनी १९२९ मध्ये मांडलेल्या रूपांतराने तीन फेज फिरत्या डी-क्यू अक्षांवर आणले की सरळ क्रमात स्थिर आकडे मिळतात, उलट्या क्रमात १०० हर्ट्झची लहर. दुसरी जुनी चूक मापाची: ६९० हे लाइनचं आरएमएस, फेजचं ३९८, आणि त्याचं शिखर ५६३. फर्मवेअरला यातला कुठला आकडा हवा हे सेन्सर बोर्ड करणाऱ्याने आणि कोड लिहिणारीने वेगवेगळं धरलेलं असतं. दोघं दोन खोल्यांत बसतात, हा त्या दोषाचा खरा उगम.

जोडताना करंटची मागणी शून्य. मग ५ टक्के, आणि तोही आधी रिअॅक्टिव्ह (नुसती ये-जा करणारा, ऊर्जा न नेणारा), कारण त्यात बॅटरीतून फक्त तोटाच जातो आणि चिन्हांची चूक स्वस्तात कळते. नंतर खरी पॉवर १०, २५, ५० टक्के. दर पायरीला दोन मिनिटं, तिन्ही फेजचे करंट, बसचं व्होल्टेज, तिन्ही तापमानं कागदावर. एका वेळी एकच पॅरामीटर बदलायचा. आज टीमप्रमुखाचं काम एवढंच की कोणी दुसरा बदलत नाही ना ते पाहायचं आणि वहीत वेळ लिहायची.

चौथा दिवस: दोघांचा

अशा दौऱ्यांत एक दिवस हमखास असा येतो. कन्व्हर्टर सकाळी निमूट चालतो. दुपारी ग्रिडवाले पुरवठा दुसऱ्या, लांबच्या लाइनवर घेतात, आणि चोकमधून शिट्टीसारखा सूर यायला लागतो. काही सेकंदांत ओव्हरकरंट ट्रिप. स्कोपवर करंटचं स्पेक्ट्रम काढलं तर ८२० हर्ट्झच्या आसपास उंच सुळका.

हार्डवेअरवाला म्हणतो कंट्रोल अस्थिर आहे. कंट्रोलवाली म्हणते फिल्टर घुमतोय. दोघंही बरोबर, म्हणूनच वाद मिटत नाही.

हिशेब असा. कन्व्हर्टरच्या बाजूचा चोक ०.३ मिलिहेन्री, ग्रिडच्या बाजूचा ०.१, मधला कॅपॅसिटर १६७ मायक्रोफॅरड. एवढंच धरलं तर अनुनाद, म्हणजे फिल्टर आपोआप घुमतो ती वारंवारता, १४२० हर्ट्झवर पडतो, म्हणजे मूळ वारंवारतेच्या दहापटीहून वर आणि स्विचिंगच्या निम्म्याहून खाली, पाठ्यपुस्तकात बसणारा. लॅबच्या ग्रिड सिम्युलेटरवर तो तसाच राहतो. साइटवर ट्रान्सफॉर्मरचे ६ टक्के, सुमारे ०.१८ मिलिहेन्री, ग्रिडच्या चोकला मिळतात आणि अनुनाद १०२० वर येतो. लांबची लाइन आली, शॉर्ट सर्किट रेशो (यंत्राच्या मानाने ग्रिड किती दणकट, याचं माप) ५ झाला की आणखी ०.६ मिलिहेन्री, आणि तो ८२० वर.

यात घात १००० हर्ट्झच्या रेषेचा. कंट्रोल ३ किलोहर्ट्झच्या आवर्तनात दोनदा सॅम्पल घेतो, म्हणजे ६ किलोहर्ट्झ, आणि त्याचा एक षष्ठांश १०००. डिजिटल कंट्रोलच्या दीड सॅम्पलच्या विलंबामुळे ग्रिड बाजूचा करंट वापरणारा लूप या रेषेच्या वर कुठलंही डॅम्पिंग (लहर शमवणारी सोय) न लावता स्थिर राहू शकतो, खाली नाही. लॅबमध्ये अनुनाद रेषेच्या कितीतरी वर होता. सकाळी जेमतेम वर. दुपारी खाली.

सुचणारे उपाय तीन, आणि पहिले दोन फसवे. नॉच फिल्टर (एकच वारंवारता कापणारा) टाकावा तर अनुनाद जागेवर थांबत नाही. लोडबरोबर चोकची इंडक्टन्स थोडी घटते, त्यानेही तो सरकतो. ग्रिडऐवजी कन्व्हर्टर बाजूचा करंट लूपमध्ये घ्यावा, सेन्सर तिथेही आहेतच, तर नियम उलटतो: १००० च्या खाली आपोआप डॅम्पिंग, वर नाही. मग दुपारची लाइन सुधारते आणि सकाळची बिघडते. शिवाय कॅपॅसिटरचे २१ अँपिअर लूपच्या नजरेबाहेर जातात आणि पॉवर फॅक्टर दुरुस्त करावा लागतो.

इथे प्रमुखाने दोघांना एकाच मोजमापावर बसवायचं. करंटच्या मागणीवर १ टक्क्याची छोटी लहर चढवायची, १०० पासून २५०० हर्ट्झपर्यंत फिरवायची आणि प्रतिसाद नोंदवायचा, दोन्ही लाइनवर. स्रोताचा आणि यंत्राचा इम्पीडन्स शेजारी ठेवून स्थिरता ठरवायची ही रीत आर. डी. मिडलब्रुक यांनी १९७६ मध्ये डीसी कन्व्हर्टरच्या इनपुट फिल्टरसाठी दाखवली, आणि एसी ग्रिडलाही तीच विचारसरणी लागू पडते. आलेख समोर आला की ‘तुझं-माझं’ संपतं.

तिसरा उपाय पेटीत आहे: कॅपॅसिटरशी सिरीजमध्ये ०.३ ओहम, प्रत्येक फेजला एक. अनुनादावर कॅपॅसिटरची रिअॅक्टन्स १०२० ला ०.९ आणि ८२० ला १.२ ओहम, तिचा तिसरा-चौथा हिस्सा हे चालणारं माप. सोबत लूपचा गेन जरा उतरवायचा. रेझिस्टर कमी इंडक्टन्सचा हवा. साध्या वेढ्यांचा लावला तर फिल्टरमध्ये आपणच आणखी एक चोक घातला.

आता त्याची किंमत. ५० हर्ट्झच्या २१ अँपिअरने दर फेजला १३० वॅट, आणि बरेच जण इथेच थांबतात. पण ३ किलोहर्ट्झची लहर त्याच फांदीतून जाते, साधारण ४० अँपिअर आरएमएस, आणि ती ४८० वॅट देते. फेजला ६१०, एकूण १.८ किलोवॅटच्या वर, म्हणजे कार्यक्षमतेतून सुमारे ०.४ टक्का. करारात कार्यक्षमतेचा आकडा लिहिलेला असतो. म्हणून हा निर्णय साइटवरच्या कोणाचाच नाही. तांत्रिक प्रमुखाला फोन इथे लागतो, आणि नेमका प्रश्न घेऊनच लावायचा: कायमचा उपाय म्हणून फर्मवेअरमधलं अॅक्टिव्ह डॅम्पिंग (रेझिस्टरऐवजी कोडने लहर शमवणं) येईपर्यंत ०.४ टक्का सोडायचा, की ग्राहकाला लांबच्या लाइनवर कन्व्हर्टर बंद ठेवायला सांगायचं? ‘काही तरी आवाज येतोय’ असा फोन केला तर वरून तीन सल्ले येतात आणि संध्याकाळ जाते.

रात्री साइटवर लिहिलेला नवा कोड चढवायचा नाही. कंट्रोलवालीला तो दोन तासांत लिहिता येतो, प्रश्न त्याचा नाही. त्याची ट्रिपची वाट कोणी तपासलेली नसते.

पाचवा दिवस: उष्णतेचा

हीटसिंकचं तापमान काही मिनिटांत बसतं, चोकचं तासांत. चाचणी तेव्हाच संपते जेव्हा चोकची वाढ तासाला १ अंशाच्या आत येते, चार तास तरी धरावेत. ५०० किलोवॅटने चार तास म्हणजे २ मेगावॅट-तास, तेवढी बॅटरी नेहमी नसते. पूर्ण रिअॅक्टिव्ह करंट चालवला तर चोक आणि बसबार तितकेच तापतात. मॉड्यूलची गोष्ट वेगळी: डिस्चार्ज करताना भार जास्त आयजीबीटीवर, चार्ज करताना डायोडवर, रिअॅक्टिव्हमध्ये वाटून. म्हणून जमेल तितका वेळ दोन्ही दिशांना खरी पॉवरही.

१० किलोवॅट तोट्याला हवा १५ अंश तापू द्यायची तर ताशी २००० घनमीटर लागते. वरून होकार आला आणि काल रेझिस्टर बसले, आता सुमारे २३५०. पंखे पुरतात का हे आज पाहायचं, आणि रेझिस्टर बाहेर जाणाऱ्या हवेत आहेत, मॉड्यूलच्या आधी नाहीत, हेही. तीन फेजचा पंखा उलटा फिरला तरी थोडी हवा देतो आणि फसवतो. कागदाचा तुकडा जाळीला चिकटला एवढ्यावर थांबू नये, फिरण्याची दिशा पंख्यावरच्या बाणाशी ताडून पाहावी.

थर्मल कॅमेऱ्यात चकचकीत तांबं थंडच दिसतं. बसबारवर काळी चिकटपट्टी लावून तिचं तापमान वाचावं, आणि आकड्यापेक्षा तीन फेजमधला फरक बघावा. एकच जोड शेजाऱ्यांपेक्षा १० अंश वर असेल तर पहिल्या दिवसाचा बोल्ट आठवावा.

कार्यक्षमता इनपुट वजा आउटपुट अशी मोजून छातीठोक सांगू नये. दोन्ही मीटरची चूक ०.२ टक्के असली तर ५०० किलोवॅटवर ती मिळून २ किलोवॅटपर्यंत जाते, आणि मोजायचा तोटाच १२ किलोवॅटच्या घरात आहे.

सहावा दिवस

संरक्षणाच्या चाचण्या आणि कागद. आपत्कालीन बटण दाबल्यावर गेट ड्रायव्हरचा सप्लाय वायरीनेच तुटला पाहिजे, सॉफ्टवेअरच्या कृपेने नाही. ग्रिड गेल्यावर बेट तयार झालं, म्हणजे कन्व्हर्टर एकटाच आसपासचा लोड चालवू लागला, तर ग्रिड-जोडणीच्या आयईईई १५४७ या मानकाप्रमाणे २ सेकंदांत सुटायचं.

हार्मोनिक्सवरून (५० हर्ट्झच्या पटींतल्या करंटवरून) ग्राहकाशी वाद होतो तो टक्केवारीचा. १० अँपिअरचे हार्मोनिक्स पूर्ण लोडला २.४ टक्के दिसतात, दहाव्या हिश्श्याच्या लोडला २४. आयईईई ५१९ हे हार्मोनिक्सचं मानक करंटची मर्यादा कमाल मागणीच्या करंटच्या तुलनेत धरतं, त्या क्षणाच्या करंटच्या नव्हे. हे शांतपणे सांगायला विक्रीचा माणूस आता उपयोगी पडतो.

हवाली करायच्या फाइलमध्ये: फर्मवेअरचा क्रमांक, सगळे पॅरामीटर, टॉर्कचा तक्ता, रेझिस्टरचा बदल ड्रॉइंगवर हाताने का होईना काढलेला, दोन्ही लाइनवरचे प्रतिसादाचे आलेख, आणि अॅक्टिव्ह डॅम्पिंगची तारीख, तीही तांत्रिक प्रमुखाच्या सहीने. चावी आज ग्राहकाच्या माणसाकडे जाते, त्याने आपल्यासमोर बस मोजून शून्य दाखवल्यावर.

परतल्यावर लॅबच्या चाचणी यादीत ग्रिडच्या बाजूला आणखी दोन इंडक्टन्स जातात, ०.१८ आणि ०.७८ मिलिहेन्री. नवं फर्मवेअर आधी हार्डवेअर-इन-द-लूपवर (खऱ्या कंट्रोलरला सिम्युलेटरमधलं यंत्र जोडून) १४२०, १०२० आणि ८२० या तिन्ही ठिकाणी चालतं, त्या प्रत्येक ठिकाणी मुद्दाम ट्रिप करवून, आणि मगच कोणी साइटवरचे रेझिस्टर काढायला जातं.